"मॅडम, तुम्ही कधी शाळा चालवली आहे का?"

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शालेय व्यवस्थापन पदविकेचं रविवारचं संपर्क सत्र होतं. समोर चाळीसेक मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक. मी 'शैक्षणिक नेतृत्व' हा घटक घेत होते. नेतृत्वाच्या शैली, निर्णयप्रक्रिया, सहभागी व्यवस्थापन, सगळं फळ्यावर रीतसर चाललं होतं. मागच्या बाकावरचे एक सर उठले. पन्नाशी ओलांडलेली, तालुक्याच्या गावातल्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक. अगदी अदबीने त्यांनी विचारलं, "मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही कधी शाळा चालवली आहे का?"

मी म्हटलं, "नाही, सर."

वर्गात कोणी हसलं नाही. ते सरही "बरं" म्हणून बसले. पण तो प्रश्न माझ्यासोबत घरी आला.

माझ्याकडे इतिहासातली एम.ए. आहे. बी.एड. आहे, एम.एड. आहे. शिक्षणशास्त्रातली नेट आहे, पीएच.डी. आहे. पीएच.डी.चा विषयच मुख्याध्यापकांची निर्णयक्षमता. प्रश्नावल्या पाठवल्या, भरून आल्या, माध्य काढलं, प्रमाण विचलन काढलं, निष्कर्ष लिहिले. शाळेच्या वर्गात मात्र उभी राहिले ती बी.एड.च्या सरावपाठांपुरती. आणि हे सगळं असूनही अकरा वर्षं मी तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे नियमाप्रमाणे मी पूर्ण पात्र, नोकरीच्या हिशेबात तात्पुरती, आणि त्या सरांच्या प्रश्नापुढे निरुत्तर.

इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे सवयीने मागे जाऊन शोधायला लागले. शिकवायला पात्र कोण, हे आपल्याकडे कोणी, कधी आणि कशासाठी ठरवलं? जे हाती लागलं ते मांडते.

पात्रता आणि पगार एकत्र मागणारा माणूस

सुरुवात पुण्यातूनच करावी लागते. १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई नुसत्या उत्साहाने वर्गात उभ्या राहिल्या नव्हत्या. अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत त्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतल्याचं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. आपल्या पहिल्या शिक्षिका म्हणून आपण त्यांचा फोटो लावतो, पण त्या प्रशिक्षित शिक्षिका होत्या हे सांगायला विसरतो.

मग १८८२. हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक प्रशिक्षण न घेतलेले आहेत, त्यांचे पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच जातात, ही त्यांची तक्रार. शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि त्यांना बरा पगार हवा, ही मागणी. शिक्षक जवळजवळ सगळे एकाच जातीतून येतात याकडेही त्यांनी बोट दाखवलं होतं.

या निवेदनाचं मला वाटणारं मोठेपण असं की पात्रता, पगार आणि 'शिक्षक होण्याची संधी कोणाला' हे तीन प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत आपण ते तीन प्रश्न तीन वेगवेगळ्या फायलींत टाकले. माझ्या मते आजच्या गोंधळाचं मूळ तिथे आहे.

बी.ए. झालेले प्राध्यापक

आता फर्ग्युसन कॉलेज. स्थापना १८८५. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षं शिकवायचं असं वचन देऊन येत. गोपाळ कृष्ण गोखले बी.ए. होते. त्यांनी आधी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवलं, मग कॉलेजात. गणितही शिकवलं, इंग्रजीही, इतिहास आणि अर्थशास्त्रही. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळांमधून वर्षानुवर्षं चाललं. १८९१ मध्ये गणित शिकवायला आले धोंडो केशव कर्वे. तेही बी.ए. त्याआधी ते मुंबईत शाळांमध्ये शिकवत होते.

हे ऐकलं की व्हॉट्सॲपवर लगेच ठरलेलं वाक्य येतं: "बघा, तेव्हा कुठे होती नेट आणि पीएच.डी.? तरी काय माणसं घडवली!" हे वाक्य अर्धंच खरं आहे. त्या काळी बी.ए. होणारे किती आणि कोणत्या घरांतले, हे बघितलं की उरलेलं अर्धं दिसतं. निवड ज्या वर्तुळातून व्हायची ते इतकं लहान होतं की सगळे एकमेकांना ओळखत. परीक्षेची गरजच नव्हती, कारण बाकीच्या समाजाला तिथपर्यंत पोहोचताच येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्या काळाकडून खरंच घेण्यासारखी होती. शाळा आणि कॉलेज यांच्यात आजच्यासारखी भिंत नव्हती. सकाळी शाळेतला मास्तर, दुपारी कॉलेजातला प्रोफेसर, यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता.

भिंत कशी उभी राहिली

विसाव्या शतकात शालेय शिक्षकाचं प्रशिक्षण हा स्वतंत्र व्यवसाय झाला. १९०६ मध्ये मुंबईत सरकारी सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालं. १९३५ साली कर्मवीरांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. स्वतः कर्मवीरांकडे पदवी नव्हती, पण खेड्यातल्या पोरांना शिकवणारा शिक्षक शिकून तयार झालेला असावा याबद्दल ते ठाम होते. पुण्यात १९४१ मध्ये टिळक शिक्षण महाविद्यालय आलं. दरम्यान १९३६ साली मुंबई विद्यापीठाने एम.एड. सुरू केली आणि शिक्षणशास्त्र हा विद्यापीठात पदव्युत्तर पातळीवर शिकवायचा विषय झाला.

इथे एक गंमत झाली. शाळेत शिकवणाऱ्याला 'कसं शिकवायचं' हे शिकावंच लागेल असा दंडक पडला. आज पहिलीच्या वर्गावर जायला डी.एड. लागतं, टीईटी लागते. नववी-दहावीला बी.एड. लागतं. मुख्याध्यापक व्हायचं तर १९८१ च्या नियमावलीप्रमाणे प्रशिक्षित पदवीधर असणं आणि किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, या दोन्ही गोष्टी लागतात. कॉलेजात शिकवायचं असेल तर यातलं काहीच लागत नाही! तिथे विषय आला की पुरे. शिकवणं आपोआप येतं असं गृहीत धरलेलं.

आणि या दोन जगांच्या मधोमध उभा राहिला विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग. काम शाळांसाठी माणसं तयार करण्याचं, नियम मात्र विद्यापीठाचे.

जे. पी. नाईक नावाचा पेच

१९६४ ते ६६ या काळातल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. पदवी घेतली ती गणितात. १९३२ च्या सुमारास स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले. पुढे धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी गावात ग्रामविकासाचं आणि शिक्षणाचं काम केलं. मग कोल्हापूर संस्थान, गारगोटीचं मौनी विद्यापीठ, आणि १९४८ साली मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन, जी १९७६ मध्ये पुण्याला आली. सय्यद नुरुल्ला यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला भारतीय शिक्षणाचा इतिहास १९४३ चा. मी एम.एड.ला तोच वाचला, अजूनही वाचायला सांगते.

शैक्षणिक प्रशासन हा विषय भारतात ज्यांनी प्रत्यक्ष करून उभा केला त्यांत नाईकांचं नाव वरचं. शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन ते या क्षेत्रात आले नव्हते. तुरुंगातून आणि गावातून आले होते. आजच्या जाहिरातीला त्यांनी त्या वेळच्या कागदांसह अर्ज केला असता, तर छाननी समितीतल्या कारकुनानेच तो बाजूला ठेवला असता.

पण पेच पुढे आहे. ज्या कोठारी आयोगाचा कारभार नाईकांनी सांभाळला, त्याच आयोगाने अध्यापक महाविद्यालयांच्या शिक्षकांसाठी दुहेरी पदव्युत्तर पदवी सुचवली: एक मूळ विषयातली, एक शिक्षणशास्त्रातली. काही जण डॉक्टरेट असावेत, असंही सांगितलं. माझी एम.ए. अधिक एम.एड. ही जोडी त्याच शिफारशीची वंशज. म्हणजे स्वतः पदव्यांच्या वाटेने न आलेल्या माणसाने पदव्यांची वाट आखायला हातभार लावला. का? कारण नाईकांसारखी माणसं जाहिरात देऊन मिळत नाहीत, हे त्यांना कळत असणार. हजारो जागा भरायच्या तर काहीतरी मोजता येण्यासारखं हवं.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. अध्यापक महाविद्यालयं विद्यापीठांपासून तुटलेली आहेत, शाळांपासून तुटलेली आहेत आणि एकमेकांपासूनही तुटलेली आहेत, हे एकटेपण मोडा, असं आयोगाने बजावलं होतं. आपण काय केलं? दुहेरी पदवी तेवढी घेतली, कारण ती जाहिरातीत लिहिता येते. एकटेपण मोडायचं राहून गेलं, कारण त्यासाठी कोणालातरी उठून शाळेत जावं लागलं असतं.

१९ सप्टेंबर १९९१

विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा. त्यातलं कलम २६ आयोगाला शिक्षकांची पात्रता ठरवण्याचा अधिकार देतं. शब्द आहेत साधारणपणे कोणती पात्रता असावी अशा अर्थाचे. त्या 'साधारणपणे'ने पुढे कोर्टात बरंच पाणी पाजलं.

१९८० च्या दशकात वेतनश्रेण्या वाढवण्याची मागणी आणि प्राध्यापकांचा दर्जा ही चर्चा एकत्र आली. मेहरोत्रा समितीने राष्ट्रीय पातळीवरची पात्रता परीक्षा सुचवली. डिसेंबर १९८९ मध्ये पहिली नेट झाली. १९ सप्टेंबर १९९१ च्या नियमांनी ती अधिव्याख्याता पदासाठी आवश्यक ठरली. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात हे नियम वैध ठरवले. १९९५ पासून पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट घेऊ लागलं.

नियम आला, पण नेट झालेले उमेदवार होते कुठे? कॉलेजं तर धडाधड निघत होती. संस्थांनी मिळतील ते एम.ए., एम.एस्सी. नेमले. विद्यापीठांनी मान्यता दिल्या. वर्षं गेली आणि 'बिगर नेट-सेट' नावाची एक जमात तयार झाली. वर्गात तेच शिकवत होते, पेपर तेच तपासत होते, पण कागदावर ते अपात्र. २०१३ च्या सुरुवातीला राज्यातल्या प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, त्यामागे सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीइतकाच हाही प्रश्न होता. तो बहिष्कार मे महिन्यापर्यंत चालला. २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांच्या सेवा नियमित झाल्या, पण त्या निर्णयाच्या तारखेपासून. आधीच्या वर्षांचं काय, पदोन्नती आणि पेन्शनचं काय, याची भांडणं पुढे कोर्टात गेली.

मला बी.ए.ला शिकवणारे एक सर याच जमातीतले. मराठ्यांच्या इतिहासावर ते बोलायला लागले की दुसऱ्या वर्गातली पोरं येऊन मागे उभी राहायची. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या बोलण्यात एक वाक्य असायचंच: "मी काय, बिगर आहे." असं म्हणताना ते हसायचे. आम्हाला तेव्हा कळायचं नाही.

तरीही नेटच्या बाजूने

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की ही बाई नेटच्या विरोधात आहे. अजिबात नाही.

आपल्या राज्यात बहुतेक अनुदानित कॉलेजं खाजगी संस्थांची आहेत. पगार सरकार देतं, नेमणूक संस्था करते. नेट-सेट नसती तर त्या जागांवर कोण बसलं असतं हे गावाकडच्या कोणालाही विचारा. संस्थाचालकाचा जावई, पुतण्या, निवडणुकीत राबलेल्या कार्यकर्त्याची सून. त्या सगळ्यांना एका परीक्षेने निदान दारावर थांबवलं. ऊसतोड कामगाराचा मुलगा आणि संस्थाचालकाची मुलगी एकाच हॉलमध्ये एकाच प्रश्नपत्रिकेला बसतात, आणि ती तपासणारा दोघांनाही ओळखत नाही, ही आपल्याकडे लहान गोष्ट नव्हे. माझ्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. मला कोणाची चिठ्ठी नव्हती, नेटचं प्रमाणपत्र होतं. जोतीरावांचा 'संधी कोणाला' हा प्रश्न या परीक्षेने थोडासा तरी सोडवला.

पण ती मोजते काय? आजच्या नेटचे दोन पेपर, मिळून तीनशे गुण. पहिल्या पेपरात दहा घटक, प्रत्येकावर पाच प्रश्न. त्यातला एक घटक 'अध्यापन अभियोग्यता'. म्हणजे पाच प्रश्न, दहा गुण. तीनशेपैकी दहा! तेही चार पर्यायांतून एक निवडायचा. पूर्वी तिसरा पेपर लिहून द्यावा लागायचा. जून २०१२ पासून तोही पर्यायी प्रश्नांचा झाला. एखादी गोष्ट चार वाक्यांत समजावून सांगता येते का, हे आता कागदावरसुद्धा बघितलं जात नाही.

मग मुलाखतीत बघत असतील? २०१८ च्या नियमांप्रमाणे पदव्या, नेट, पीएच.डी., शोधनिबंध, अनुभव यांचे गुण फक्त मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरवण्यासाठी आहेत. निवड मुलाखतीवर. म्हणजे परीक्षेने जे दार बंद केलं त्याच्या शेजारची खिडकी उघडीच. मी आजवर नऊ मुलाखती दिल्या. शोधनिबंध किती, विचारलं. लग्न झालंय का, विचारलं. एका ठिकाणी "तुमच्याकडून संस्थेला काय योगदान होऊ शकेल" असंही विचारलं, आणि ते योगदान बौद्धिक नव्हतं. खडू हातात देऊन "दहा मिनिटं शिकवून दाखवा" असं एकदाही कोणी म्हटलं नाही.

सरकणारं दार

२००६ मध्ये यूजीसीने एम.फिल. आणि पीएच.डी. असलेल्यांना नेटमधून सूट दिली. लोकांनी एम.फिल.च्या रांगा लावल्या. २००९ मध्ये एम.फिल.ची सूट काढली. आता तर एम.फिल.च बंद झाली आहे. २०१० मध्ये पदोन्नतीसाठी एपीआय नावाचे गुण आले. शोधनिबंधाला इतके, पुस्तकाला इतके, परिषदेला इतके. झालं! पैसे भरा आणि छापा अशी नियतकालिकं उगवली. आयएसबीएन क्रमांक रेशन कार्डासारखे वाटले जाऊ लागले. २०१८ मध्ये ठरलं की जुलै २०२१ पासून विद्यापीठ विभागात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. हवीच. कोविडमुळे ते २०२३ वर गेलं. आणि जुलै २०२३ मध्ये ती अटच मागे घेतली. ज्यांनी तिच्यापायी नोकऱ्या सोडून, कर्ज काढून पीएच.डी. पूर्ण केली, त्यांना कोणी साधं सॉरीही म्हटलं नाही.

प्रत्येक तारीख म्हणजे कोणाचं तरी आयुष्य दाराच्या या बाजूला किंवा त्या बाजूला. आणि या सगळ्या बदलांमध्ये 'वर्गात कसं शिकवतो' हा प्रश्न कुठेच नाही. प्राध्यापकाला अध्यापनाचं प्रशिक्षण मिळतं ते नेमणुकीनंतर. १९८७ च्या सुमारास सुरू झालेल्या अकॅडेमिक स्टाफ कॉलेजांतून ओरिएंटेशन, रिफ्रेशर. पदोन्नतीला प्रमाणपत्र लागतं म्हणून बहुतेक जण जातात. आम्हा तासिकावाल्यांना पदोन्नतीच नाही, त्यामुळे तेही नाही.

आमचं दुकान

शिक्षणशास्त्राची गोष्ट तर आणखी वेगळी. इथे यूजीसीच्या जोडीला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, एनसीटीई. कायदा १९९३ चा, परिषद १९९५ मध्ये सुरू झाली. ती गुणवत्तेसाठी आली आणि तिच्याच काळात डी.एड., बी.एड. कॉलेजांचं पीक आलं. एका टप्प्यावर महाराष्ट्रातल्या २९१ नव्या डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. परिषदेची विभागीय समिती मान्यता द्यायला तयार आणि राज्य सरकार नको म्हणतंय, असा उलटा प्रकार. त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. २०१२ मध्ये अहवाल आला. आयोगाने केलेल्या तपासणीत त्या संस्थांपैकी बहुसंख्य अयोग्य निघाल्या. देशाच्या अध्यापक शिक्षणाची झाडाझडती आपल्या राज्यातल्या कॉलेजांमुळे झाली, हा आपला मान!

त्यानंतर २०१४ चे नवे नियम. बी.एड. आणि एम.एड. दोन-दोन वर्षांचे झाले. बी.एड. कॉलेजच्या प्राचार्याला पदव्युत्तर पदवी, एम.एड., पीएच.डी. आणि अध्यापक महाविद्यालयात शिकवल्याचा आठ वर्षांचा अनुभव. शाळेतला अनुभव या आठ वर्षांत धरलेला नाही. आणि शैक्षणिक प्रशासन किंवा शैक्षणिक नेतृत्वातली पदविका-पदवी? ती 'इष्ट' या सदरात. असली तर बरी.

म्हणजे बघा. शाळेच्या मुख्याध्यापकाला शिकवल्याचा अनुभव सक्तीचा. त्या मुख्याध्यापकाला नेतृत्व शिकवणाऱ्या माझ्यासारखीला शाळेचा अनुभव लागत नाही. आणि मला नेमणाऱ्या प्राचार्याला नेतृत्वाचं शिक्षण ऐच्छिक. मागच्या बाकावरच्या सरांनी एका वाक्यात हीच साखळी पकडली होती.

मग काय, सगळं काढून टाकायचं?

जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा आणला. पदवीचा विषय वेगळा असला तरी नेट किंवा पीएच.डी.च्या विषयात नेमता येईल, एपीआयची गणितं जातील, कुलगुरू उद्योग किंवा प्रशासनातूनही येऊ शकतील. कुलगुरूंच्या मुद्द्यावरून गदारोळ झाला आणि बाकीचं झाकलं गेलं. लवचिकता चांगली आहे. पण आपल्याकडे नियम सैल झाला की तो कोणासाठी सैल होतो, हे आपण बघितलेलं आहे. गोखले-कर्वे-नाईकांची नावं घेऊन पात्रता सैल करायची आणि आत भलत्यालाच घ्यायचं, हे मला नको आहे.

मला तीन साध्या गोष्टी हव्यात.

एक, नेट-सेट ठेवा, पण निवडीच्या वेळी प्रत्यक्ष पाठ घ्यायला लावा. विद्यार्थ्यांसमोर, आणि त्याचं चित्रीकरण जपून ठेवा. २०२० च्या धोरणात आणि २०२२ च्या पीएच.डी. नियमांत संशोधक विद्यार्थ्यांना अध्यापनशास्त्र शिकवायचं म्हटलंय. ते कागदावर राहू देऊ नका.

दोन, शिक्षणशास्त्र विभागात, निदान प्रशासन आणि नेतृत्व शिकवणाऱ्यांसाठी, शाळेतलं काम मोजा. आम्हाला दर काही वर्षांनी एक सत्र शाळेत पाठवा. चांगल्या मुख्याध्यापकांना विभागात आणा. 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय २०२२ पासून आहे. तिच्यातून कंपन्यांतले अधिकारी आणण्याची चर्चा फार ऐकली. एखाद्या मुख्याध्यापकाला त्या नावाने बोलावल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

तीन, पात्रता मागाल तर पगार द्या. तासिकावाल्याकडून पात्रता पूर्णवेळ प्राध्यापकाचीच मागितली जाते. पैसे तासाचे, तेही महिनोन्महिने उशिरा, दिवाळीच्या आणि उन्हाळी सुट्टीत शून्य. १८८२ साली जोतीरावांनी एकाच निवेदनात मागितलेल्या गोष्टी आपण १४० वर्षांनीही एकत्र देऊ शकलेलो नाही.

त्या सरांचं पुढे काय झालं

पुढच्या रविवारी मी त्यांना म्हटलं, "सर, आज अर्धा तास तुमचा." ते आधी संकोचले. मग फळ्याकडे पाठ करून, टेबलाला टेकून बोलायला लागले. विषय संचमान्यता. पट घसरला, त्यांच्या शाळेतले दोन शिक्षक अतिरिक्त ठरले. "यादी वरून आली, मॅडम. पण ती वाचून दाखवायला मीच होतो. एकाची मुलगी बारावीला. मी स्टाफरूममध्ये नाही सांगितलं. दोघांच्या घरी गेलो, चहा घेतला आणि मग सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघंही वेळेवर शाळेत आले. बाकीचा स्टाफ ते बघत होता."

चाळीस माणसं गप्प बसून ऐकत होती. मी निर्णयप्रक्रियेवर दोन वर्षं शिकवलं होतं, प्रबंध लिहिला होता, पण वाईट बातमी कुठे बसून सांगायची यावर एक ओळ लिहिली नव्हती. त्यांचं झाल्यावर मी उरलेल्या वेळात त्यांनी जे केलं त्याचे टप्पे फळ्यावर मांडले: माहिती कोणाकडे आधी गेली, विश्वास कुठे टिकला, हेच काम दुसऱ्या शाळेत दुसऱ्या कोणाला करायचं तर काय जपावं लागेल. सर वहीत उतरवून घेत होते. म्हणाले, "मी हे केलं खरं, पण असं लावून बघितलं नव्हतं."

तेव्हा मला माझ्या पदव्यांचाही उपयोग कळला. त्यांच्याशिवाय माझा तास पोकळ होता, पण माझ्याशिवाय त्यांचा अनुभव त्यांच्या शाळेतच राहिला असता.

तास संपल्यावर नोंदवही आली. अर्धा तास सरांनी घेतला होता, पण त्यांचं नाव लिहायला रकाना नव्हता. नियमाप्रमाणे त्या तासाला पात्र शिक्षक एकच. मी माझी सही केली. त्या महिन्याचं मानधन पाच महिन्यांनी आलं. त्यात तो अर्धा तासही होता.

तुम्हाला ज्यांनी खरंच शिकवलं, ते कोण होते आणि त्यांच्याकडे कोणते कागद होते? आठवून लिहा. मला वाचायचं आहे.